झोप कशी लागली, हे कोणाला विचारायचे?

प्रश्न : माझे वय ४३ आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले आणि आज ते बरे आहेत. त्यानंतर दादाने मला पावले, नाडी आणि झोप मोजणारे घड्याळ भेट दिले आणि वहिनी-भाचरांसह आम्हा सर्वांचा पावलांच्या स्पर्धेचा एक गट तयार केला. सुरुवातीला मजा वाटली. आता मात्र दहा हजारांचा आकडा भरावा म्हणून मी रात्री साडेअकराला घरातल्या घरात येरझाऱ्या घालते. सकाळी डोळे उघडताच झोपेचे गुण पाहते आणि ते कमी असले की दिवसभर अंग जड वाटते. तरुण माणसांना अचानक झटका आल्याचे व्हिडिओ मोबाइलवर सारखे येतात. ते पाहिले की छातीत धस्स होते, मी नाडी बघते आणि ती वाढलेली असते. वर्षभरात तीनदा डॉक्टरांकडे गेले. ईसीजी, टूडी इको, रक्ततपासण्या, सर्व काही व्यवस्थित आहे, पण तो दिलासा चार दिवस टिकतो. यजमान म्हणतात, ‘ते घड्याळ फेकून दे. तेच व्हिडिओ मीही बघतो, माझ्यावर काही परिणाम होत नाही.’ अकरा वर्षांच्या लेकीने हौसेने एकदा रात्री माझे घड्याळ घातले होते. परवा सकाळी उठल्यावर तिने मला विचारले, ‘आई, मला झोप चांगली लागली होती का?’ त्या प्रश्नाने मी चरकले. घड्याळ टाकून द्यावे का? की माझ्यातच काही बिघडले आहे?

उत्तर : तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देते. घड्याळ टाकून देण्याची गरज नाही आणि तुमच्यात काही बिघडलेलेही नाही. स्वतःच्या शरीराविषयी साक्ष देण्याचे जे काम आजवर तुमच्याकडे होते, ते तुमच्या नकळत एका यंत्राकडे गेले आहे, एवढेच झाले आहे. कानामागून आलेले हे घड्याळ तिखट झाले आहे. ते कसे झाले हे नीट समजले, तर त्याला त्याच्या जागी बसवणे तितकेसे अवघड नाही.

मात्र पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. छातीत दडपण येणे किंवा आवळल्यासारखे दुखणे, ते दुखणे हाताकडे, पाठीत किंवा जबड्याकडे सरकणे, दम लागणे, थंड घाम सुटणे, शुद्ध हरपणे, स्त्रियांच्या बाबतीत कित्येकदा मळमळ आणि विनाकारण आलेला कमालीचा थकवा, यांपैकी काही अचानक जाणवले तर घड्याळाकडे न पाहता थेट रुग्णालय गाठावे. मनगटावरची ही उपकरणे हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी बनवलेलीच नाहीत, त्यामुळे अशा वेळी त्यांवर दिसणाऱ्या चांगल्या आकड्याला काही अर्थ नसतो. बाबांच्या आजाराचा वारसा हाही खरा मुद्दा आहे. वडील किंवा भाऊ यांना वयाच्या ५५ वर्षांच्या आत झटका आलेला असेल तर डॉक्टर त्याला अधिक महत्त्व देतात, तेव्हा बाबांचे त्या वेळचे वय तुम्ही डॉक्टरांना सांगितले नसेल तर अवश्य सांगा. तुमच्या हृदयाचे पुढचे भवितव्य प्रामुख्याने रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तातील साखर, तंबाखू आणि रोजची हालचाल यांवर ठरणार आहे. यांतल्या हालचालीचा हिशेब घड्याळ ठेवते. बाकीच्यांसाठी डॉक्टरांकडची नियमित तपासणीच लागते, आणि ती तुम्ही करून घेतली आहे.

आता दहा हजारांचा आकडा. रात्री साडेअकराला तुम्हाला चालायला लावणारा हा आकडा मुळात कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची आवड वाढू लागली होती, आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचे पाऊलमापक बाजारात आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’ असे होते, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. जाहिरातीसाठी निवडलेला तो सुटसुटीत आकडा त्यानंतर इतका फिरला की फिरता फिरता त्याला नियमाचे रूप आले. वारंवार कानावर पडलेले विधान केवळ ओळखीचे झाल्यामुळे खरे वाटू लागते, हे हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. दहा हजारांचे झाले ते असेच. पुढे संशोधन झाले तेव्हा चित्र अधिक मवाळ निघाले. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार अमेरिकी स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात, दिवसाला साधारण २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ वाढायचा थांबला. तुमचे वय कमी आहे आणि साठीच्या आतील लोकांसाठी हा टप्पा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान येतो, असे २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसते. म्हणजे तुमचे लक्ष्य अगदीच चुकीचे नाही. पण जिथे चढ हळूहळू सपाट होत जातो तिथे ९,४०० आणि १०,००० यांच्यामध्ये कोणतीही लक्ष्मणरेषा नसते, आणि त्या सहाशे पावलांसाठी झोपेची वेळ मोडणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे.

झोपेच्या गुणांचे प्रकरण याहून नाजूक आहे. घड्याळाच्या तळाशी जो हिरवा प्रकाश लुकलुकतो, तो त्वचेखालच्या रक्तात किती शोषला गेला यावरून नाडी काढली जाते, आणि ती नाडी व हाताची हालचाल यांवरून तुम्ही जाग्या आहात की झोपेत, याचा तर्क केला जातो. झोपेच्या अवस्था खऱ्या अर्थाने मोजायच्या असतील तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युतलहरी, डोळ्यांच्या हालचाली आणि स्नायूंचा ताण नोंदवावा लागतो, कारण मनगटावरून मेंदू दिसत नाही. म्हणूनच एकूण झोपेचा घड्याळाचा अंदाज बऱ्यापैकी जमत असला, तरी निश्चल पडून राहिलेल्या जागेपणालाही ते पुष्कळदा झोप समजते, आणि गाढ झोप किती व स्वप्नांची झोप किती ही वाटणी करताना त्याचा अंदाज आणखी कच्चा होतो. या अंदाजांवर प्रत्येक कंपनी आपापले सूत्र चालवते आणि शंभरपैकी गुण देते. (शंभरपैकी गुणांचा धाक आपल्या मनात शाळेपासूनच बसलेला असतो. झोपेसारख्या गोष्टीलाही गुणपत्रिकेत बसवण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याने माणसाची ही दुखरी जागा नेमकी हेरली, असे मला नेहमी वाटते.)

गुण कमी दिसले की दिवसभर अंग जड वाटते, हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण त्यात कारण आणि परिणाम यांचा क्रम उलटा असण्याची दाट शक्यता आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात निद्रानाशाचा त्रास असलेल्या लोकांच्या मनगटावर झोपमापक बांधले आणि सकाळी त्यांना झोपेचा निकाल सांगितला, पण तो निकाल त्यांच्या खऱ्या झोपेशी संबंध नसलेला, आधीच ठरवून ठेवलेला होता. ‘झोप वाईट झाली’ असे ज्यांना सांगितले गेले, त्यांनी त्या दिवशी अधिक पेंगुळलेपण, मंदावलेले लक्ष आणि उतरलेला उत्साह नोंदवला. ‘चांगली झाली’ असे ऐकलेल्यांचा दिवस त्यांच्यापेक्षा बरा गेला. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण आपण सहज बोलून जातो, पण इथे ते चिंतन मनाला बाहेरून पुरवले गेले होते. झोपेच्या आकड्यांचा असा ध्यास घेऊन त्यापायीच झोप बिघडवून घेणारे रुग्ण अमेरिकेतील डॉक्टरांना दिसू लागले, तेव्हा २०१७ मध्ये त्यांनी या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही दिले. त्या रुग्णांची एक अडचण बोलकी होती : झोपेच्या प्रयोगशाळेतील तपासणीने दिलेल्या ग्वाहीपेक्षा त्यांना मनगटावरच्या यंत्राचे म्हणणे अधिक खरे वाटत होते.

तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओंचाही विचार करू. तुम्हाला काय आवडते, हे ते व्हिडिओ निवडून दाखवणाऱ्या व्यवस्थेला कळत नाही. तुम्ही कुठे आणि किती वेळ थांबलात, एवढेच तिला दिसते, आणि भीतीने थबकलेल्या अंगठ्याला ती रस समजते. एका व्हिडिओवर तुम्ही थांबलात की तशाच दहा व्हिडिओंची रांग लागते. त्यातून जग कसे दिसू लागते, हे समजायला ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार उपयोगी पडतो. एखादी घटना किती वारंवार घडते हे ठरवताना आपण मोजणी करत नाही, तिची उदाहरणे किती चटकन आठवतात यावरून आपण निर्णय देऊन मोकळे होतो. व्यायाम करताना कोसळलेल्या माणसाचे चित्रण लाखो लोकांपर्यंत पोहोचते. त्याच दिवशी व्यायाम करून सुखरूप घरी परतलेल्या असंख्य लोकांचे चित्रण कोणीच करत नाही. तेव्हा तुमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, यात तुमचा भित्रेपणा नाही. तुमच्यापुढे पुरावाच तसा निवडून मांडला गेला होता.

त्यानंतर तुम्ही नाडी बघता आणि ती वाढलेली असते. ती वाढणारच! प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० च्या दरम्यान असते आणि भीती वाटताच शरीरात सुटणारे अॅड्रेनालिन ती काही क्षणांत वर नेते. तुम्ही भीतीने मोजता, मोजताना भीतीच मोजली जाते, आणि तो आकडा पाहून भीती आणखी वाढते. या चक्रातून सुटण्यासाठी तुम्ही डॉक्टरांकडे जाता, अहवाल चांगला येतो, जिवाला हायसे वाटते. अडचण अशी की हे हायसे वाटणे हेच तपासत राहण्याच्या सवयीचे बक्षीस ठरते, आणि बक्षीस मिळालेली कृती मन पुन्हा मागते. दिलासा चार दिवसांत विरतो तो यामुळे. अहवालात काही उणे राहिलेले नाही, त्यामुळे चौथ्या तपासणीतूनही चारच दिवस मिळतील.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्याविषयी थोडेसे. माध्यमांचा प्रभाव इतरांवर पडतो, आपल्यावर मात्र नाही, असे जवळजवळ प्रत्येकालाच वाटते. डेव्हिसन या समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये या समजाला ‘त्रयस्थ परिणाम’ अशा अर्थाचे नाव दिले. यजमानांशी वाद घालू नका, पण गेल्या सहा महिन्यांत त्या व्हिडिओंमधला एखादा सल्ला त्यांनी गुपचूप अमलात आणला आहे का, हे एकदा हसत हसत विचारून पाहा.

दादाच्या गटामागचा हेतू मायेचा आहे, यात शंका नाही. तरीही आपण किती बरे किंवा वाईट आहोत हे ठरवण्यासाठी माणूस आपल्यासारख्याच माणसांकडे पाहतो, हे मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडले आणि भावंडांइतकी आपल्यासारखी माणसे दुसरी कोण असणार? रोज रात्री त्यांची क्रमवारी समोर आली की चालणे हे चालणे राहत नाही, ते घरातील स्थानाचा प्रश्न होऊन बसते. मोजमापाचा आणखीही एक छुपा खर्च आहे. संशोधक जॉर्डन एटकिन यांच्या २०१६ मधील प्रयोगांत, आपली कृती मोजली जात असताना लोकांनी ती अधिक केली, पण त्यांना तिच्यात गोडी कमी वाटली आणि पुढे ती सुरू ठेवण्याची त्यांची इच्छाही ओसरली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत, वजन कमी करू पाहणाऱ्या ४७१ तरुण प्रौढांपैकी हालचाल मोजणारे उपकरण दिलेल्यांचे वजन दोन वर्षांत सरासरी ३.५ किलो घटले, तर उपकरणाशिवाय नेहमीचे मार्गदर्शन मिळालेल्यांचे ५.९ किलो. एवढ्यावरून उपकरणे घातक ठरवणे मला पटत नाही. पण आकडा दिसला की वागणूक आपोआप सुधारते, हा समज मात्र त्यामुळे डळमळीत होतो.

मग मी तुमच्या यजमानांच्या बाजूने का नाही? कारण याच माध्यमांनी आणि यंत्रांनी पुष्कळांचे भलेही केले आहे. अमेरिकेतील दूरचित्रवाणी पत्रकार केटी कुरिक यांच्या पतीचा १९९८ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने मृत्यू झाला. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःची आतड्याची दुर्बीण-तपासणी दूरचित्रवाणीवर दाखवली आणि त्यानंतर तिथे अशा तपासण्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. एका परिचित चेहऱ्याने संकोच मोडला आणि लोकांना नेमकी कोणती तपासणी करायची हे कळले. तुमच्या मोबाइलवरचे व्हिडिओ भीती देतात आणि पुढे काय करायचे ते सांगत नाहीत, हा दोहोंतला फरक फार मोठा आहे. घड्याळाचेही तसेच. अॅपल कंपनीच्या घड्याळावरील २०१९ च्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक सहभागी होते. त्यांतील अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना ठोक्यांच्या अनियमिततेची सूचना मिळाली, आणि नंतर छातीवर पट्टी लावून ज्यांची तपासणी पूर्ण झाली त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन हा ठोक्यांचा विकार आढळला. एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी घड्याळ उपयोगी पडते. तुमच्या बाबतीत ते प्रश्नच निर्माण करत सुटले आहे.

म्हणून पुढचे चार आठवडे असे करून पाहावे. रात्री घड्याळ मनगटावर नको आणि झोपण्याच्या खोलीतही नको. सकाळी उठल्यावर, मोबाइल हातात घेण्यापूर्वी, कागदावर एक ओळ लिहा : झोप कशी लागली, अंग कसे आहे, मन कसे आहे. सुरुवातीचे काही दिवस काय लिहावे हे सुचणार नाही, कारण ही जाणीव विचारली न गेल्यामुळे मुकी झाली आहे. दिवसा घड्याळ घालायला हरकत नाही, पण त्याच्या दर्शनी भागावरून नाडीचा आकडा काढून टाका. ठोक्यांच्या अनियमिततेची सूचना सुरू ठेवायची की नाही, हे मात्र स्वतः ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. नाडी बघण्याची ऊर्मी आली तर पंधरा मिनिटे थांबा, आणि त्या आधी काय पाहिले किंवा ऐकले होते ते टिपून ठेवा. दोन आठवड्यांनी ती टिपणे वाचलीत की ऊर्मीचा उगम छातीपेक्षा मोबाइलमध्ये अधिक वेळा सापडेल, असा माझा कयास आहे. भीतीचे व्हिडिओ आले की पूर्ण न पाहता ‘रस नाही’ हा पर्याय दाबा. व्यवस्थेला तुमचे थांबणे कळते, तसे हेही थोडेफार कळते. रात्री नऊनंतर पावले मोजायची नाहीत, जी झाली ती झाली. दादाला मोकळेपणाने सांगा की त्याची भेट आवडली, पण रोजची क्रमवारी सोसत नाही. गटातून बाहेर पडून आठवड्यातून दोनदा त्याच्याबरोबर किंवा बाबांबरोबर प्रत्यक्ष चालायला जाता आले, तर मला ते अधिक मोलाचे वाटेल. पुढची तपासणी केव्हा करायची ती तारीख डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या आणि वर सांगितलेली लक्षणे नसतील तर मधल्या काळात जाऊ नका.

या चार आठवड्यांत चैन न पडणे साहजिक आहे, पहिले आठ-दहा दिवस तर तपासण्याची ओढ उलट वाढेल. मात्र दीड-दोन महिन्यांनंतरही ती तशीच राहिली, कामात लक्ष लागेनासे झाले किंवा भीतीपोटी तुम्ही चालणे-फिरणेच टाळू लागलात, तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटण्यात कमीपणा मानू नका. आरोग्याविषयीच्या अशा धास्तीवर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी ही बोलण्याची उपचारपद्धती परिणामकारक ठरते, हे चांगल्या अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे.

आणि तुमची लेक. मोठी माणसे कशी वागतात ते पाहूनच मुले ती वागणूक उचलतात, हे मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी १९६१ च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात दाखवले होते. तुमच्या घरात ते फारच लवकर आणि फारच स्पष्टपणे दिसले, आणि तुम्ही ते वेळीच ओळखलेत. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला तर तिला म्हणा, ‘तूच सांग, कशी लागली?’ ती कदाचित खांदे उडवून ‘काय माहीत’ म्हणेल. म्हणू द्या. आणि घड्याळ कपाटात का ठेवले आहे असे तिने विचारले, तर खरे कारण सांगा, तुमच्या भीतीसकट.